जनावराचे भय आणि धन्याचे नुकसान

गुरे हाकणे ही शिकण्याची विद्या आहे, असे म्हटले तर पुष्कळांस हसू येईल. हाती काठी आली की झाला गुराखी, अशीच सर्वसाधारण समजूत. आम्हीही याच समजुतीत वाढलो. बेळगाव भागातील आमच्या गावी, पेरणीच्या दिवसांत घरचा खिलारी बैल दूरच्या रानात नेण्यासाठी टेम्पोत चढवावयाचा होता. अब्बा पुढून कासरा ओढीत होते. आम्ही मागून शेपूट पिरगाळून ओरडत होतो. बैल फळीवरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. त्या वर्षीची पेरणी उसन्या बैलावर झाली. बैल हट्टी होता असे आम्ही पुष्कळ दिवस म्हणत असू. तो हट्टी नव्हता, भ्यालेला होता, हे फार उशिरा कळले.

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यास तीनशे अंशांहून अधिक भोवताल दिसतो. परंतु थेट पाठीमागचे दिसत नाही. तेथून ओरडणारा माणूस त्यास संकटच वाटतो. लखलखीत उन्हातून अंधाऱ्या जागेत पाऊल टाकण्यास तो कचरतो. जमिनीवरची सावली, चमकणारे पाणी, वाऱ्याने फडफडणारे कापड यांनीही तो थबकतो. अमेरिकेतील पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन (जन्म १९४७) यांनी गुरांच्या वाटेवरून स्वतः चालून, त्यांच्या उंचीवरून काय दिसते ते पाहिले व अशा अडचणी शोधून काढल्या.

प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य कुंपण असते. आपण त्याच्या आत पाऊल टाकले की ते दूर सरते. आपण मागे हटलो की थांबते. माणसाळलेल्या गाईचे हे कुंपण अगदी लहान, रानात मोकळ्या वाढलेल्या खोंडाचे मोठे. या कुंपणाच्या कडेवर, जनावराच्या खांद्याच्या किंचित मागे, बाजूस उभे राहिले की ते पुढे चालते. खांद्याच्या पुढे गेले की मागे सरते. ते चालू लागताच आपण एक पाऊल मागे घ्यावे. हेच त्याचे बक्षीस. अशा वेळी ओरडण्याचे वा काठी उगारण्याचे कारणच उरत नाही.

गोठ्यातही हाच न्याय. कास धुऊन सडांस हात लावला की गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे द्रव्य उतरते आणि पान्हा फुटतो. त्याचा जोर काही मिनिटेच टिकतो. तेवढ्यात कोणी खेकसले किंवा फटका मारला, तर भयाने निर्माण होणारे ॲड्रेनॅलिन त्यास अडविते. गाय पान्हा चोरते असे आपण म्हणतो. खरे पाहता तो आपणच घालवितो. म्हणून धार काढणारा माणूस, वेळ व जागा शक्यतो बदलू नये.

कायद्यानेही याचा विचार केला आहे. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसंबंधी १९६५ च्या नियमांनुसार टोकदार पराणीस बंदी आहे; दिवसात नऊ तासांहून अधिक, अथवा विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही; पारा ३७ अंशांच्या वर गेला असता दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपता येत नाही.

शाळेत आम्ही मुलांस सांगतो : बुजलेल्या जनावरास त्याच क्षणी पुन्हा हाकू नका. अर्धा तास शांत उभे राहू द्या, मग दुसऱ्यांदा प्रयत्न करा. टेम्पोची फळी रुंद, न हलणारी व कमी उताराची असावी. तीवर गवत किंवा माती पसरावी. आधी एखादे शांत, सवयीचे जनावर चढवावे. दुसरे बहुधा त्यामागून येते.

बेंदराच्या दिवशी आपण बैलाची शिंगे रंगवितो, त्यास गोडधोड चारतो. हे चांगलेच आहे. परंतु बैलास वर्षातून एक दिवसाच्या मानापेक्षा उरलेल्या दिवसांतील निर्भयता अधिक हवी असते. आमच्या अब्बांस त्या दिवशी अर्धा तास थांबणे जमले असते, तर बैलही वाचला असता आणि पेरणीही.