रक्तक्षय, घरचा आहार आणि लोहाची गोळी

प्रत्येक शाळेत प्रार्थनेला उभे राहताच दमणारी, थोडे धावताच धाप लागणारी आणि दुपारनंतर मान टाकून बसणारी काही मुले असतात. त्यांस आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी अलगद ओढून आतील रंग पाहावा. तो लालसर नसून फिकट दिसला, नखे व जीभही पांढुरकी असली, तर रक्तक्षयाची शंका घ्यावी. पाटीची पेन्सिल, खडू, माती किंवा कच्चे तांदूळ खाण्याची खोड हेही पुष्कळदा याच विकाराचे लक्षण असते. त्यावर छडी हा उपाय नव्हे. निश्चित निदान रक्त तपासूनच होते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाच्या दर डेसिलिटर रक्तात ११.५ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के बालकांत तो आढळला. हीच बालके पुढे आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.

गोळ्या वाटावयास निघालो की आईबाप म्हणतात, ‘‘गुरुजी, आम्ही घरी गूळ-शेंगदाणे देतो, बीट देतो, गोळी कशाला?’’ या प्रश्नास उडवून लावणे योग्य नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. बीटाची कीर्ती मात्र केवळ त्याच्या रंगामुळे झाली असावी; त्यात लोह फारच थोडे असते. गुळात लोह आहे, पण लहानशा खड्याने गरज भागत नाही. पालकाच्या भाजीत लोह असूनही ते शरीरास पुरेसे मिळत नाही. म्हणजे पदार्थात लोह किती, याइतकाच आतड्यातून रक्तात किती जाते हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि येथे स्वयंपाकघराची सत्ता चालते.

कडधान्यांस मोड आणल्याने व पीठ आंबविल्याने धान्यातील लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होते. आवळा, लिंबू, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा ते बरेच घटविते. लोखंडी कढईत आंबट कालवण केल्यास कढईचे थोडे लोह अन्नात उतरते. तेव्हा शाळेच्या मध्यान्ह भोजनात मटकीची उसळ असेल त्या दिवशी ताटावर लिंबाची फोड पिळावी. हा उपाय स्वस्त आहे आणि खराही आहे. नाचणी, अळीव, हिरव्या भाज्या व चालत असल्यास मांस-मासे यांची जोड द्यावी.

अन्नातूनच औषध कसे सापडते याचे एक उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्लिश विदुषी तेथे आल्या व गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. त्या स्त्रियांचा आहार निकृष्ट होता. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्यांचे रक्त सुधारले, हे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पानावरूनच त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. आज शाळेत मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर असते ते हेच.

शरीरातील साठा एकदा रिता झाला म्हणजे केवळ आहाराने तो भरून निघणे कठीण जाते. म्हणून पाच ते नऊ वर्षांच्या मुलांस आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी (लोह ४५ मिलिग्रॅम, फॉलिक आम्ल ४०० मायक्रोग्रॅम) आणि दहा वर्षांपुढील मुलांस निळी गोळी (६० मिलिग्रॅम व ५०० मायक्रोग्रॅम) देतात. ही मात्रा प्रतिबंधाची आहे. रक्तक्षय झालेल्या मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन निराळे उपचार द्यावे लागतात. गोळी जेवणानंतर, आपल्या समक्ष, पाण्याबरोबर द्यावी. शौचास काळे होईल हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर घाबरलेली आई पुढच्या आठवड्यात मुलास शाळेतच पाठवीत नाही. तापात गोळी देऊ नये. आठवडा चुकल्यास दोन एकदम देऊ नयेत.

अंकुशकृमी मात्र ही सारी मेहनत वाया घालवितात. ते अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात व आतड्यात रक्त शोषतात. यास्तव २०१५ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी टाळू नये आणि पायात चप्पल असावी.

नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलमुळेही रक्त कमी होते. तेथे लोहाने मूळ विकार जात नाही. सिकलसेल वा थॅलसेमिया असलेल्या मुलास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ही गोळी देऊ नये.

आणखी एक गोष्ट. रंगीत गोळ्या लहान मुलांस गोड वाटतात आणि मूठभर गोळ्या खाल्ल्यास लोहाची विषबाधा होऊन प्राण जाऊ शकतो. डबा कपाटात कुलूपबंद असावा व किल्ली शिक्षकाजवळच असावी. कोणी जास्त गोळ्या खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, उरलेल्या पाकिटासह मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.