आजाराचं नाव कळेपर्यंत

टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, हे आमच्या धडगावकडे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण घर बसतं ते त्याआधीच.

माझा धाकटा भाऊ दिवाळीपासून खोकत होता. बडव्यानं, म्हणजे गावच्या भगतानं, एक कोंबडं घेतलं. सगळ्यांत स्वस्तात सुटलो ते तिथेच. मग खाजगी दवाखाने. सलाईन, फोटो, रक्त, लघवी. डॉक्टर बदलला की आधीचा फोटो जुना ठरायचा. एका प्रकारच्या गोळ्यांनी ताप उतरला, तो जेवायला लागला, आणि पुन्हा खोकला सुरू. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या टीबीला तात्पुरतं दाबतात आणि निदान लांबवतात, हे फार उशिरा कळलं.

फी निदान कागदावर तरी दिसते. जीपचं भाडं मात्र दोघांचं लागतं, मजुरीही दोघांची बुडते, कारण आजारी माणसाला एकटं कोण पाठवणार? शेळ्या विकायला काढल्या तेव्हा व्यापाऱ्यानं आमची नड ओळखली आणि भाव पाडला. उरलेल्या पैशांसाठी भावजयीनं मुकादमाकडून गुजरातच्या ऊसतोडीची उचल घेतली. जागतिक आरोग्य संघटना टीबीपायी वर्षाच्या कमाईच्या 20 टक्क्यांवर गेलेल्या खर्चाला घर बुडवणारा खर्च मानते, आणि त्यात बुडालेली मजुरीही धरते. आम्ही ती रेघ शेळ्यांपाशीच ओलांडली होती.

शेवटी आशाताईनं बेडक्याची डबी दिली. भावानं नुसती लाळ भरली. ताईनं डबी उजेडात धरून पाहिली आणि परत केली. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढायचं; तोच बेडका चालतो. सीबीनॅट यंत्र दोनेक तासांत निकाल देतं, रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतं. पैसा लागत नाही.

म्हणून दोन आठवड्यांवर खोकला गेला, वजन उतरलं, संध्याकाळचा ताप येऊ लागला, की पहिला फेरा आरोग्य केंद्राचा. खाजगीत गेलातच तर 'बेडका तपासायचा का?' एवढं विचारा. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर 2012 पासून बंदी आहे. कुणी सुचवली तर उठून या. जुने फोटो, चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा.

निदान झालं की निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये मिळतात (नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 होते), आदिवासी भागातल्या रुग्णाला प्रवासाचे एकदाच 750. देशातलं पहिलं आधार 2010 साली आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तरी भावाचे पैसे अडकले ते खात्याला आधार जोडलेलं नव्हतं म्हणून. ते आधी तपासा. आणि ऊसतोडीला निघालात तर निक्षय क्रमांक, म्हणजे रुग्णाचा नोंदणी क्रमांक, लिहून घ्या, जायच्या आधी ताईला सांगा. त्या क्रमांकावर उपचार गुजरातमधल्या केंद्राकडे वळवता येतात, गोळ्या तिकडेच मिळतात.