अवघड जागेचं दुखणं

२०१६ चा उन्हाळा कळंबकर विसरलेले नाहीत. धनेगावचं मांजरा धरण आटलेलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आम्ही टँकरची वाट बघत अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायचो आणि जाड जीन्स घालून दिवसभर मोटारसायकलवर. जांघेत खाज सुटली ती तेव्हा.

‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ म्हणतात. आमचे डॉक्टर जावई नव्हते, पण रोज राम राम होणारे. त्यापेक्षा मेडिकल बरं. गर्दी ओसरेपर्यंत बाहेर थांबलो आणि हळूच ‘खाजेची ट्यूब’ मागितली. दोन-तीन रात्रींत खाज गायब! लावायची सोडली की पुन्हा, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त. मांडीवरून मागं पसरत गेलं, तरी मी गप्पच. बायकोच्या कमरेवर चट्टा उठला तेव्हा कुठं धाराशिव गाठलं.

तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली. बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉल, म्हणजे जोरकस स्टेरॉईड. त्यानं लाली आणि खाज दबते, पण अंगाची प्रतिकारशक्तीही तिथं दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. गजकर्णाची गोल कडा पुसट होते, मग ओळखणंही अवघड. त्यात ती जागा नाजूक. हाताच्या कातडीपेक्षा अंडकोशाची कातडी हायड्रोकॉर्टिसोन सुमारे ४२ पट जास्त शोषते, हे १९६७ मध्येच मोजलं गेलंय. बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वळ माझ्या जांघेत उमटलेत. ते आता जात नाहीत.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी मागणारे मागतात, देणारे देतात. इकडं बुरशीही निर्ढावली. टर्बिनाफिनसारख्या हुकमी औषधाला बऱ्याचदा दाद न देणाऱ्या एका जातीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नमुने होते भारतीय आणि नेपाळी रुग्णांचे.

तपासताना डॉक्टरांनी करदोडा वर सरकवला. दोऱ्याखाली कमरेभर चट्ट्यांची रांग! अंघोळीनंतर सगळं अंग वाळतं, तो काळा दोरा तासन्‌तास ओला राहतो. “आधी हा काढा, बरं झाल्यावर नवा बांधा,” ते म्हणाले. आई बरेच दिवस धुसफुसत होती, रिकामी कंबर चांगली नसती म्हणून. मी ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट दोरीवरच्या चड्डीची. आपल्याकडं चड्डी टॉवेलखाली लपवून वाळत घालतात, नाहीतर न्हाणीतच पिळून टाकतात. अर्धवट वाळलेली चड्डी घालणं म्हणजे बुरशीला घर देणं. गरम पाण्यात धुवा, उलटी करून भर उन्हात टाका. लोक बघतील तर बघू द्या. टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा. घरात ज्याला ज्याला चट्टा असेल त्याचं औषध एकदमच सुरू करा, नाहीतर एकमेकांकडून फिरत राहतं. चट्टे गेले म्हणून औषध आपल्या मनानं सोडू नका. माझं काही महिने चाललं.

जांघेत अँटिसेप्टिकचं पाणी ओतून आग करून घेणारे महाभाग मी पाहिलेत. साधा साबण पुरतो, आणि नंतर कोरडं पुसणं साबणापेक्षा महत्त्वाचं. केस काढलेच पाहिजेत असं काही नाही. वाढले तर कात्रीनं किंवा स्वतःच्या ट्रिमरनं बारीक करा. ब्लेडनं बारीक जखमा होतात, संसर्ग तिथूनच शिरतो.

लिंगाची पुढची कातडी अलगद मागं घेऊन रोज नुसत्या पाण्यानं धुवावी, पुसून परत पुढं आणावी. लहान पोरांची ओढून मागं करू नये, ती वयाबरोबर मोकळी होते. मोठ्या माणसाच्या कातडीला मात्र चिरा पडत असतील, पांढरा थर धरत असेल, तर डॉक्टरकडं जा आणि रक्तातली साखरही तपासून घ्या. मधुमेह असल्याचा पत्ता कित्येकांना याच जागेवरून लागतो.