पहिलीच्या आधीची शाळा


आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडते आणि लगेच धानाची रोवणी लागते. आई सकाळीच बांधीत जाते. पहिलीत एक लेकरू गाणी, गोष्टी, रंग शिकून येते. दुसऱ्याने पुस्तक हातातही धरलेले नसते. त्याला 'ढ' म्हणून आपण मोकळे होतो!

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला (आता पालघर जिल्हा) बालवाडी काढली. गरिबांची मुले तिथवर येईनात. तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. खडे, पाने, बिया हेच शिकवण्याचे साहित्य. अंगणवाडी ती हीच.

यंदा रोवणीच्या दिवसांत मोहल्ल्यातली तीन ते सहा वर्षांची लेकरे अंगणवाडीत कोण पोचवील, हे मिस्सानंतर बसून ठरवू या. आजीआजोबांनीही थांबावे.