रंगभूमीचा उमेदवार

गाणाऱ्या माणसाला गळ्याइतकाच कानही मोलाचा असतो. कानाने सूर नीट पारखला नाही, तर गळ्यातून तो नीट उमटणार कसा? एका गोड गळ्याच्या मुलापुढे लहान वयातच हा प्रश्न उभा राहिला होता. त्या मुलाचे नाव नारायण श्रीपाद राजहंस.

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. राजहंस घराण्याचे मूळ गाव कृष्णाकाठचे नागठाणे. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी मात्र सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिणेकडील मुलूख आणि आसपासच्या संस्थानांचा भाग मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० साली त्यालाच 'सांगली' हे नाव मिळाले.

या मुलखाचे आणि नाटकाचे नाते जुने आहे. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग सांगलीत केला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि खुद्द सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे दोघेही पुढे थोर नाटककार म्हणून गाजले.

नारायणाचे गाणे लोकमान्य टिळकांनी पुण्यात ऐकले, तेव्हा तो अवघा दहा वर्षांचा होता. त्यांनी त्याला 'बालगंधर्व' म्हणून गौरविले. पुढे त्याला कानाचा विकार जडला आणि ऐकू कमी येऊ लागले. कोल्हापूरचे शाहू महाराज गुणांचे चाहते होते. त्यांनी नारायणाला उपचारासाठी मिरजेला पाठविले. तेथे डॉ. वॉनलेस यांचे रुग्णालय प्रसिद्ध होते. मिरजेतच नारायणाच्या आयुष्याला वळण लागले. १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला.

त्या काळी नाटक मंडळीत शिरणे म्हणजे सुखाची नोकरी नव्हती. नटाकडे समाज फारशा आदराने पाहत नसे. घरदार सोडून मंडळीबरोबर गावोगाव हिंडावे लागे. सर्वांचे बिऱ्हाड एक आणि पंगतही एक. नव्या मुलाला तेथे उमेदवारीच करावी लागे.

अशा उमेदवाराचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होई. आदल्या रात्री प्रयोग नसला, म्हणजे मुले पहाटे उठून तंबोऱ्यापुढे बसत आणि खालच्या षड्जावर आवाज स्थिर करीत. एकच सूर पुन्हापुन्हा लावावयाचा. तो हलला की पहिल्यापासून आरंभ करावयाचा! त्यानंतर नक्कल पाठ करण्याची वेळ येई. नक्कल म्हणजे आपल्या भूमिकेची भाषणे उतरून घेतलेली वही. संगीत नाटकात भाषणांच्या जोडीला पदेही असत. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' नाटकात तर शंभराहून अधिक पदे होती. ती सर्व ताला-सुरात, शब्द न अडखळता म्हणता आली पाहिजेत, अशी अपेक्षा असे.

दुपारी तालीम असे. त्या काळी या मंडळ्यांतून स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. म्हणून स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाला लुगडे नेसून चालावयास, पदर सावरावयास, नजर खाली वळवावयास शिकावे लागे. तालीममास्तर एकेक वाक्य दहादहा वेळा म्हणवून घेत. शब्द तेच, पण ते रागाने कसे म्हणावे, लाजून कसे म्हणावे आणि दुःखाने कसे म्हणावे, हे त्यातून कळे. चूक झाली तर सर्वांसमक्ष बोलणी खावी लागत.

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी रंगपटात गडबड उडे. कोणी तोंडाला रंग लावी, कोणी दागिने शोधी. रात्री नांदीने नाटकास आरंभ होई आणि भरतवाक्य होईपर्यंत कित्येकदा पहाट उजाडे. ज्या उमेदवाराला त्या रात्री भूमिका नसे, तोही पडद्याआड उभा राहून जाणत्या नटांचे काम डोळ्यांत तेल घालून पाही. ती त्याची शाळाच होती.

नारायण या शाळेत आला, तेव्हा मंडळीला एक मोठी उणीव भासत होती. नामवंत गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते. त्यांची शकुंतला, त्यांची सुभद्रा लोकांच्या मनात घर करून राहिली होती. त्यांच्या जागी सतरा वर्षांचा नवखा मुलगा उभा राहणार! देवलांनी त्याला अभिनयाचे धडे दिले आणि १९०५ सालीच मिरजेत नारायण शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर आला. ज्या गावी तो कानाच्या उपचारासाठी आला होता, त्याच गावातील प्रेक्षकांनी त्याच्या सुरांना दाद दिली. मात्र यशाने त्याचे शिकणे थांबले नाही. पुढे त्याने भास्करबुवा बखले यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले.

उमेदवारीतील शिस्तीची खरी परीक्षा पुढे व्हावयाची होती. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. भामिनीची भूमिका नारायणराव करणार होते. त्याच दिवशी त्यांच्या लहानग्या मुलीने जगाचा निरोप घेतला. बापाचे काळीज फाटून गेले; परंतु प्रेक्षक जमणार होते आणि साऱ्या मंडळीचा भार त्यांच्यावर होता. त्यांनी डोळे पुसले, तोंडाला रंग लावला आणि ठरलेला प्रयोग पार पाडला. लोकांना भामिनी दिसली. तिच्या आड असलेला दुःखी पिता त्यांना दिसला नाही.

१९१३ साली नारायणरावांनी 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन केली. १९६४ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मभूषण' किताबाने गौरविले. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले. मिरजेतील नाट्यगृहाला आज त्यांचे नाव आहे आणि ५ नोव्हेंबर हा दिवस 'मराठी रंगभूमी दिन' म्हणून पाळला जातो.

रंगमंचावरचा झगमगाट घटकाभराचा असतो. त्याच्या मागे उभी असते ती पहाटेच्या अंधारात लावलेल्या एका सुराची तपश्चर्या.

शब्दार्थ

उमेदवारी – काम शिकण्याचा काळ. रंगपट – नटांची वेष करण्याची जागा. नांदी – नाटकाच्या आरंभीचे मंगलगीत. भरतवाक्य – नाटकाच्या शेवटचे पद्य. निवर्तणे – मरण पावणे.

अभ्यास

१. नारायणाला मिरजेस का पाठविण्यात आले?
२. नाटक मंडळीतील उमेदवाराचा दिवस कसा जाई, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. 'ती त्याची शाळाच होती' असे कशाला म्हटले आहे? का?
४. 'मानापमान' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी नारायणरावांनी केले ते तुम्हांला योग्य वाटते काय? कारणे द्या.
५. वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांत तेल घालून पाहणे, मनात घर करणे, वळण लागणे.