आधी डिलीट तपासून घे

टर्मिनलमधला फाइल मॅनेजर निवडायचा म्हणतेस ना, मग रंगीत स्क्रीनशॉट बघत बसू नकोस. आधी एवढंच बघ, की डिलीट केलेली फाइल जाते कुठे. मिडनाइट कमांडरमध्ये एफ८ दाबून होकार दिलास की फाइल गेलीच, ती ट्रॅशमध्ये सापडत नाही. याझीत छोटा डी ट्रॅशमध्ये टाकतो, मोठा डी कायमची उडवतो. एकाची सवय लागलेलं बोट दुसऱ्यात तसंच चालतं आणि घात होतो. म्हणून नवा प्रोग्रॅम घेतलास की एक रिकामं फोल्डर कर, त्यात फालतू फाइल्स टाक आणि कॉपी, नाव बदलणं, डिलीट सगळं तिथे करून बघ. दोनचार फाइल्सना मराठी नावं दे. पुष्कळ टर्मिनलांत काना-मात्रा विस्कटतात आणि रकाने सरकतात. तुझ्या टर्मिनलात काय होतं ते तिथेच कळेल.

विमची सवय असेल तर रेंजर, एलएफ किंवा व्हीआयएफएम घे, एच-जे-के-एलवर हात आपोआप चालतील. रेंजरचे तीन रकाने मला फार आवडतात: डावीकडे वरचं फोल्डर, मधे आपण, उजवीकडे फाइलची झलक. पण तो पायथनमध्ये लिहिलेला आहे, हजारो फोटोंच्या फोल्डरमध्ये अडखळतो. याझी रस्टमधला, जड कामं मागे चालू ठेवतो, तिथे तो बरा.

विम येत नसेल तर मिडनाइट कमांडरच. मिगेल दि इकाझाने तो 1994 मध्ये सुरू केला, डॉसवरच्या नॉर्टन कमांडरच्या धर्तीवर. दोन बाजूंना दोन फोल्डर्स, एफ५ने कॉपी, एफ६ने हलव. कळा खालच्या ओळीत लिहिलेल्याच असतात. बाहेर पडायला एफ१०; ते दाबल्यावर टर्मिनलचाच मेनू उघडला तर एस्केप दाबून मग शून्य दाब. कंट्रोल-ओने पॅनेल बाजूला होतात, मागचं टर्मिनल दिसतं. दूरच्या सर्व्हरवर काम करायचं असेल तर हा यायलाच हवा, कारण जवळपास प्रत्येक डिस्ट्रोच्या भांडारात तो मिळतो.

आणखी एक. बाहेर पडलीस की टर्मिनल जुन्याच फोल्डरमध्ये उभं दिसेल. तो बिघाड नव्हे. आत चाललेल्या प्रोग्रॅमला बाहेरच्या शेलची जागा बदलता येत नाही. त्यासाठी बहुतेकांच्या माहितीपत्रकात छोटं शेल फंक्शन दिलेलं असतं. ते पहिल्याच दिवशी बॅशआरसीत टाकून ठेव.