लेन्सचा नेम घरीच जुळवा

लग्नाचे फोटो काढणारे आणि मालाचे नमुने फोटोतून पाठविणारे आपले अनेक बंधू तक्रार करतात : फोकस साडीच्या काठावर धरला, स्पष्ट आला मागचा पदर! दोष नेहमी हाताचा नसतो. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा भाग वेगळा आणि चित्र टिपणारा सेन्सर वेगळा. दोघांत थोडा फरक पडला की नेम चुकतो.

यावर जपानच्या सिग्मा कंपनीने २०१३ मध्ये यूएसबी डॉक आणला. तो आर्ट, कंटेम्पररी व स्पोर्ट्स मालिकांतील लेन्सना चालतो. मात्र लेन्सच्याच माउंटचा घ्यावा.

लेन्स डॉकवर बसवून केबलने संगणकाला जोडा व कंपनीचे ‘ऑप्टिमायझेशन प्रो’ उघडा. फर्मवेअर जुने असल्यास प्रथम ते नवे करा. मध्येच केबल काढू नका.

मग कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. छापील कागद उभा करून शेजारी फूटपट्टी तिरकी ठेवा. चार-पाच फोटो काढा. एकावरून निर्णय नको. फोकस कागदाच्या अलीकडे पडत असेल तर आकडा अधिक करा, पलीकडे पडत असेल तर उणे. मर्यादा दोन्हीकडे २०. साध्या लेन्सला चार अंतरे, झूमला सोळा जागा तपासाव्या लागतात. आकडे लेन्समध्ये भरून पुन्हा फोटो काढा.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून तिथे ही खटपट सहसा लागत नाही.

आपण तराजूचा काटा तपासूनच माल तोलतो. लेन्सचेही तसेच आहे. गिऱ्हाईक फोटो परत करण्याआधी एक दुपार यासाठी काढा.